टारबॉलचा हॅश आणि आतल्या फाइलीचा हॅश

‘एसएचए-२५६ जुळला की पॅकेज ओळखलं,’ असं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली सॉफ्टवेअरची पोरं बिनधास्त सांगतात. हॅश म्हणजे फाइलीवरून काढलेला, ठशासारखा आकडा; एसएचए-२५६ ही तो काढायची एक रीत. पण कशाचा हॅश जुळला?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम केलेल्याला फरक लगेच कळेल. पेटीवर चलन नंबर असतो, कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा. पेटी बदलली तरी हीट नंबर तोच राहतो.

टारबॉल म्हणजे पॅकेजच्या सगळ्या फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं; त्याचा हॅश म्हणजे पेटीचा नंबर. टारमध्ये फाइलींशिवाय त्यांच्या वेळा, मालक आणि क्रमही भरलेला असतो, वरून आकार लहान करायला जीझिपचं दाबणं. यातलं काहीही हललं की ६४ अक्षरांचा हॅश पार बदलतो, आतला कोड तसाच असला तरी. जानेवारी २०२३मध्ये गिटहबने (कोड ठेवायच्या संकेतस्थळाने) आपोआप बनणाऱ्या टारबॉलची दाबण्याची पद्धत बदलली आणि हॅश तपासणारे कितीतरी बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं, अडले. कोडची एक ओळही बदलली नव्हती. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला.

फाइलीचा हॅश फक्त मजकुरावरून निघतो. नाव बदला, दुसऱ्या फोल्डरात टाका, फरक पडत नाही. म्हणून कुणी उचलून आणलेली लायब्ररीची फाइल त्यावरून सापडते. मात्र विंडोजवर ओळींचे शेवट (ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा) बदलले, तरी ओळख गेली. (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा आकडा आणखी वेगळा: गिट मजकुराआधी ‘ब्लॉब’ हा शब्द आणि फाइलीचा आकार जोडून मग हॅश काढतं. त्यामुळे नुसत्या फाइलीवरून एसएचए-१ या जुन्या रीतीने काढलेल्या हॅशशी तो जुळत नाही, आणि नवखा तासभर डोकं खाजवतो.)

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबायच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. टारबॉल देखभाल करणाऱ्यानेच सही करून दिलेला, म्हणजे हॅश जुळणारच. गडबड आत होती: ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाची एम४ फाइल (बिल्डच्या तयारीत वापरायची) गिटमध्ये नव्हतीच, टारबॉलमध्ये होती. नाव ग्नूलिब या सगळ्यांना वापरता येणाऱ्या कोडसंग्रहातल्या खऱ्या फाइलीचं, मजकूर मात्र फिरवलेला. फाइलवार हॅश ग्नूलिबशी लावून पाहिले असते, तर ती न जुळणाऱ्यांत आली असती.

तरी एवढ्यावर ती पकडली गेलीच असती असं मी म्हणणार नाही. ‘कॉन्फिगर’सारख्या, गिटमध्ये नसलेल्या आणि टारबॉल बनवताना आपोआप तयार होणाऱ्या फाइली टारबॉलमध्ये जास्तीच्या असतातच, त्यामुळे न जुळणाऱ्यांची यादी दर वेळी लांबच निघते. ती कुणीतरी बसून वाचावी लागते.