मानसोपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत

‘मन मोकळे करायला मैत्रीण आहे, मग पैसे मोजून थेरपिस्टकडे कशाला?’ हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. मैत्रिणीने दिलेला धीर मोलाचाच असतो. परंतु अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना, तिच्याविषयीची धारणा आणि त्यातून उमटणारी भावना वेगवेगळी करून तपासली जाते. नवऱ्याने फोन उचलला नाही, एवढीच घटना असते. ‘त्याने तो उचललाच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ ही धारणा संताप पेटवते. त्या ‘च’ला आधार काय, हे उपचारक विचारतो आणि पुढच्या भेटीपर्यंत तोच विचार वहीत लिहून पडताळण्याचा गृहपाठ देतो. घरात मारहाण होत असेल, तर मात्र आधी सुरक्षितता पाहावी लागते.