घोड्यांची रेस उशिरा का सुटते

रेसच्या कार्डावर जी वेळ छापलेली असते त्या ठोक्याला घोडे सुटले असं फार कमी वेळा होतं. दोन-चार मिनिटं उशीर तर रोजचाच, कधी दहा-पंधरा मिनिटंही जातात. मुळात ती छापील वेळ म्हणजे "याच्या आधी सुटणार नाही" अशी वेळ आहे हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. ब्रिटनमध्ये तर नियमच आहे की जाहीर वेळेच्या आधी रेस सोडायची नाही, कारण लोक त्या वेळेच्या भरवशावर पैसे लावत असतात. म्हणजे सगळं भराभर आटोपलं तरी थांबायचं, आणि कुठे काही अडलं तर ती मिनिटं वर चढणारच, भरून निघायला जागाच नाही.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो स्टार्टिंग गेटवर, म्हणजे घोडे जिथून सुटतात त्या खणांच्या रांगेवर. ब्रिटनमध्ये हे स्टॉल 1965 साली न्यूमार्केटला पहिल्यांदा वापरले, त्याआधी झेंडा नाहीतर आडवी पट्टी असायची आणि घोडे एका ओळीत येईपर्यंत सगळ्यांचा जीव जायचा. गेटमुळे ओळीचा प्रश्न मिटला पण घोड्याला आत घालायचा प्रश्न आला. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, स्वभावाने भित्रं, मोकळ्यात पळणारं, त्याला अंगाला घासेल एवढ्या खणात उभं करायचं आणि मागून दार लावायचं! काही घोडे सरळ जातात, काही दारापाशी चारही पाय रोवून उभे राहतात. मग दोन माणसं घोड्याच्या मागे जाऊन एकमेकांचे हात घट्ट धरतात आणि पुठ्ठ्याला रेटा देतात, एक जण पुढून लगाम ओढतो, तरी नाही जमलं तर डोळ्यांवर अंधारी बांधून गोल फिरवून आणतात आणि त्याला कळायच्या आत खणात नेतात. हे एका घोड्याचं झालं. तोवर जे आधी आत गेलेत ते आत उभे आहेत, आणि त्यातला एखादा पुढचे पाय उचलून उभा राहिला की जॉकी खाली उतरतो, घोडा बाहेर काढतात, व्हेट (जनावरांचा डॉक्टर) तपासतो, पाय सोलपटलाय का, लंगडतोय का बघतो. पळायच्या स्थितीत नसेल तर त्याला रेसमधून काढायचं, म्हणजे त्याच्यावरचे पैसे परत करायचे आणि बाकीच्यांचा हिशोब बदलायचा, यातही मिनिटं जातातच. नाल निखळला तर नालबंद बोलवायचा, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) सैल असेल तर आवळायचा. जॉकीला पाडून घोडा उधळला तर त्याला धरून आणेपर्यंत सगळे थांबून, आणि लांब पळून दमला असेल तर तो पण बाद. या सगळ्याला उशीर म्हणून नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं, बिथरलेल्या घोड्याला घाईने सोडलं तर घोडा आणि जॉकी दोघांच्या जिवाशी खेळ आहे.

कधी कारण आधीच्या रेसमध्ये असतं. कोणी पडलं, अॅम्ब्युलन्स जॉकीला घेऊन हॉस्पिटलला गेली, तर ठरलेले डॉक्टर आणि गाडी ट्रॅकवर हजर असल्याशिवाय पुढची रेस सोडता येत नाही. न पडलेला जॉकीही पुढच्या रेसमध्ये असेल तर त्याला कपडे बदलून खोगीरासकट पुन्हा वजनकाट्यावर उभं राहायचं असतं. सकाळची पाच मिनिटं अशी संध्याकाळपर्यंत पुढे सरकत राहतात.

आता पैशाची बाजू. टोट पद्धतीत (ही 1867 च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने काढली) सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, म्हणजे सामाईक गल्ल्यात जातात, त्यातला ठराविक टक्का ट्रॅक कापून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे पूल जेवढा मोठा तेवढी ट्रॅकची कमाई मोठी, आणि लोक पैसे लावतात शेवटच्या मिनिटांत, कारण तेव्हाच ऑड्स (जिंकलं तर किती पट मिळणार ते) खरे कळतात. म्हणून अमेरिकेत काही ट्रॅकवर बोर्डावर रेसला शून्य मिनिटं उरल्याचं दिसायला लागलं तरी घोडे निवांत गोल फिरत असतात आणि पैसे लावायच्या खिडक्या चालूच असतात. दुसरं असं की एकाच वेळी दोन ट्रॅकवर रेस सुटली तर टीव्हीवर बघणारा एकीवरच पैसे लावणार, मग एक जण थांबतो. हा उशीर मला पटत नाही. घोडा गेटमागे चकरा मारतोय, घाम सुटलाय, ताकद तिथेच संपतेय, आणि कारण काय तर पूल.

बाहेरच्या कारणांची सगळ्यात गाजलेली उदाहरणं इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) ट्रॅकवरच्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या रेसची, जी गेटऐवजी आडव्या पट्टीनेच सुटते. 1993 ला आंदोलक ट्रॅकवर आल्याने आधीच थांबावं लागलं होतं, मग दुसऱ्यांदा चुकीचा स्टार्ट झाला, पट्टी एका जॉकीच्या गळ्यात अडकली, आणि 39 पैकी 30 जणांना परत बोलावल्याचं कळलंच नाही, ते निघून गेले. 7 घोड्यांनी रेस पूर्णही केली पण ती रद्द ठरली. 1997 ला बॉम्बच्या धमकीमुळे शनिवारची रेस सोमवारी झाली. 2023 ला पुन्हा आंदोलक आले, रेस जवळपास पंधरा मिनिटं उशिरा सुटली, 118 जणांना अटक झाली, आणि थांबून थांबून घोडे अस्वस्थ झाले अशी तक्रार नंतर झाली. पुढच्या वर्षी जास्तीत जास्त घोडे 40 वरून 34 केले, आणि घोड्यांनी पट्टीकडे चालत येऊन सुटण्याऐवजी जागेवर उभं राहून सुटायचं असं ठरवलं.