कॉमिक सॅन्स (फॉन्ट)

कॉमिक सॅन्स हा हाताने काढल्यासारखा दिसणारा रोमन लिपीचा फॉन्ट, विन्सेंट कॉनेर यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना १९९४ साली बनवलेला. तेव्हा कंपनीचं बॉब नावाचं सॉफ्टवेअर यायचं होतं, त्यात रोव्हर हा कार्टून कुत्रा माहिती सांगायचा आणि त्याच्या तोंडच्या फुग्यात मजकूर चक्क टाइम्स न्यू रोमन या पुस्तकी वळणाच्या फॉन्टमध्ये! कॉनेर यांना ते काही पटेना, मग त्यांनी ऑफिसातली कॉमिक्स समोर ठेवून कॉम्प्युटरवरच माऊसने अक्षरं काढली. गंमत म्हणजे नवी अक्षरं जागेत मावेनात म्हणून बॉबमध्ये हा फॉन्ट गेलाच नाही, पण पुढे विंडोज ९५च्या प्लस पॅक या जोड-सॉफ्टवेअरमधून घरोघरी पोचला.

टोकं गोलसर, रेषा जराशा वाकड्या, अक्षरं सुटी सुटी, आणि छोटा 'ए' मुलं वहीत काढतात तसा, गोल आणि बाजूला काडी. कॅपिटल 'आय'ला वरखाली आडव्या रेघा असल्याने तो छोट्या 'एल'सारखा वाटत नाही, वाचायला अडखळणाऱ्यांना अशा गोष्टींची मदत होते, डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण असणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनने सुचवलेल्या फॉन्टमध्येही हा आहे. बालवाडीचे तक्ते, वाढदिवसाची कार्डं, दोन ओळींची सूचना इथे तो छान दिसतो. पानभर मजकूर लावला की मात्र डोळे थकतात.

शिव्या त्याने भरपूर खाल्ल्या, त्यावर बंदी घाला म्हणून अमेरिकेत दोन डिझायनरांनी मोहीमच काढली होती. ४ जुलै २०१२ला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत हिग्ज बोसॉन या सूक्ष्म कणाच्या शोधाची घोषणा झाली तेव्हा शास्त्रज्ञ फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड्स याच फॉन्टमध्ये होत्या आणि लोक कणाचं सोडून फॉन्टवरच बोलत बसले. खरं तर फुग्यातल्या बोलण्यासाठी काढलेलं अक्षर कोर्टाच्या नोटिशीवर लावलं तर त्यात अक्षराचा काय दोष.

यात देवनागरी नाहीच, त्यामुळे वर्डमध्ये मराठी मजकुराला कॉमिक सॅन्स लावला तरी अक्षरं मंगल नाहीतर निर्मला या विंडोजमधल्या फॉन्टमध्येच दिसत राहतात आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर बिघडला. मराठीत असं मोकळं अक्षर हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्री या कंपनीचा 'कलम' हा फॉन्ट घ्यावा, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, किंचित तिरका, पेनाने भरभर लिहिल्यासारखा, आणि रोमन अक्षरंही त्याच वळणाची असल्याने हळदीकुंकवाच्या आमंत्रणात मध्येच इंग्रजी पत्ता आला तरी बेंगरूळ दिसत नाही.