हॉट योगाभ्यासातील उष्णतासात्म्य

मुद्दाम तापवलेल्या खोलीत वरचेवर योगासने करत राहिल्याने रक्ताभिसरण, घाम, मूत्रपिंडांचे काम आणि शरीराचे आतले तापमान यांत हळूहळू जे बदल घडतात, त्यांना एकत्रितपणे उष्णतासात्म्य म्हणतात. हे बदल आसनांमुळे होत नाहीत, ते उष्णतेमुळे होतात. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगारात, गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या जळव्यात आणि मे महिन्यात तालमीत मेहनत करणाऱ्या पैलवानात ते तसेच घडतात. त्यामुळे कोल्हापूरकराला हा विषय परका नाही. खोली तापवून योग करणे तेवढे नवे आहे.

पूर्वपीठिका : कोलकात्याचे बिष्णुचरण घोष (१९०३–७०) हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. त्यांनी शरीरसौष्ठव आणि हठयोग यांची सांगड घातली. त्यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत तापलेल्या खोलीतला वर्ग लोकप्रिय केला. सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमान, ४० टक्के आर्द्रता, ९० मिनिटांचा वेळ आणि श्वसनक्रिया धरून २६ प्रकारांचा ठरलेला क्रम असे त्याचे स्वरूप होते. या क्रमावर कोणाचीही मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. चौधरी यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप झाल्यावर अनेक केंद्रांनी त्यांचे नाव गाळले आणि ‘हॉट योग’ एवढेच ठेवले. आज या नावाखाली ३२ अंशांपासून ४१ अंशांपर्यंतचे, एका तासाचे किंवा दीड तासाचे, वेगवेगळे वर्ग चालतात.

आपल्या जुन्या ग्रंथांत तापवलेल्या खोलीला आधार नाही. श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळावा, असे हठयोगप्रदीपिका सांगते. पण तो घाम श्रमाचा आहे, खोलीचा नाही. वाग्भटाने तर व्यायाम थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने करावा आणि इतर ऋतूंत त्याहून बेताने करावा, असे सांगून ठेवले आहे. हॉट योग हा विसाव्या शतकातला प्रयोग आहे. त्याकडे तसेच पाहिले, तर त्याचे गुण आणि दोष दोन्ही नीट दिसतात.

हृदय आणि रक्त : पहिल्या दोन-चार वर्गांत जे हाल होतात, ते स्नायूंच्या कमजोरीमुळे क्वचितच होतात. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिकडे धावते. कडक उष्णतेत कातडीकडे जाणारे रक्त मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत पोहोचू शकते. एकूण रक्त पाच लिटरांच्या आसपास असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. स्नायूंनाही रक्त हवे, मेंदूलाही हवे. मग हृदय ठोके वाढवते. साध्या त्रिकोणासनातही छाती धडधडते आणि उष्ट्रासनातून वर येताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी मुकाट्याने बसावे किंवा आडवे व्हावे. नेट लावून उभे राहण्यात कसलीही तपश्चर्या नाही.

शरीर यावरचा पहिला उपाय आश्चर्य वाटावे इतक्या लवकर करते. रोज उष्णतेत व्यायाम घडला, तर तीन ते सहा दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढू लागतो. ही वाढ माणसागणिक साधारण ४ ते १५ टक्के असते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी राखून ठेवतात, रक्तातली प्रथिनेही पाणी धरून ठेवतात. रक्ताचा साठा वाढला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि त्याच आसनाला लागणारे ठोके कमी होतात. ‘आज वर्ग सोपा गेला’ असे आठवड्याभरात वाटू लागते, त्याचे मुख्य कारण हे असते. या काळात तांबड्या पेशी वाढलेल्या नसतात, द्रव तेवढा वाढलेला असतो. म्हणून रक्ततपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा किंचित उतरलेला दिसू शकतो. तो खरा पंडुरोग आहे की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना या वर्गाबद्दल सांगितलेले बरे.

घाम : खोलीची हवा ४० अंशांवर असली की ती कातडीपेक्षा गरम असते. तेव्हा अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली उष्णता अंगात येते. बाहेर पडायला एकच वाट उरते, ती घामाच्या बाष्पीभवनाची. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ७० किलोच्या शरीराचे तापमान एका अंशाने चढायला सुमारे ५८ किलोकॅलरी पुरतात. यावरून घामाची ताकद कळते. मात्र घाम वाळला तरच हे काम होते. हनुवटीवरून चटईवर टपटपणारा घाम शरीराला जवळजवळ काहीच थंडावा देत नाही. पाणी आणि मीठ तेवढे घेऊन जातो.

अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. सरावाने त्यांची संख्या वाढत नाही, त्यांचे काम सुधारते. साधारण एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, म्हणजे शरीर फारसे तापायच्या आतच. तो जास्त येतो आणि कपाळ-छातीपुरता न राहता हातापायांवरही पसरतो. त्यातले मीठही कमी होते. अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या प्रभावाने घर्मग्रंथींच्या नळ्या सोडियम परत शोषून घेतात. नवख्याच्या काळ्या बनियनवर वर्गानंतर मिठाचे पांढरे ओघळ उमटतात. तेच बनियन महिन्याभराने पाहिले तर ओघळ पुसट झालेले असतात. डोळ्यांत जाणारा घामही पूर्वीइतका चुरचुरत नाही. प्रयोगशाळेत न जाता सात्म्य ओळखायची ही एक चांगली खूण आहे.

याच काळात विश्रांतीतले शरीराचे तापमान अंशाच्या दोन-तीन दशांशांनी उतरते आणि तेवढी चढायला जागा मिळते. पेशींमध्ये ‘हीट शॉक’ नावाची संरक्षक प्रथिने वाढतात. उष्णतेने इतर प्रथिनांची घडी बिघडू नये, याची काळजी ती घेतात.

सराव झालेल्याला पाणी कमी लागते, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सराव झालेला माणूस जास्त घामेजतो, म्हणून त्याला पाणी जास्त लागते.

कोल्हापूरची हवा : खोलीतला आकडा तोच असला तरी जानेवारीतला वर्ग आणि जुलैतला वर्ग यांत फार फरक पडतो. जुलैत कोल्हापूरची हवा २५ अंशांच्या आसपास आणि ९० टक्क्यांच्या घरात दमट असते. हीच हवा बंद खोलीत नुसती ४० अंशांपर्यंत तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ३९ टक्के भरते. म्हणजे एक थेंबही न फवारता ठरलेली आर्द्रता तयार असते, आणि त्यात वीस माणसांच्या घामाची वाफ मिसळते ती वेगळीच. जानेवारीतल्या दुपारची कोरडी हवा तेवढीच तापवली, तर आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास राहते आणि घाम झटपट वाळतो. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याच कारणाने जुलैतल्या वर्गात अंग गार होत नाही. शिवाय कातडी बराच वेळ ओली राहिली की फुगते, घर्मरंध्रे दबतात आणि घामही मंदावतो. पावसाळ्यात तापमान चार-पाच अंशांनी उतरवावे, निदान दारे-झरोके अधूनमधून उघडावेत. आकडा पाळण्यापेक्षा हवा ओळखणे महत्त्वाचे आहे.

ऋतूचा आणखी एक परिणाम आहे. चैत्र-वैशाखात उन्हात वावरणाऱ्याचे शरीर आधीच थोडे सरावलेले असते. डिसेंबरात नव्याने वर्ग सुरू करणाऱ्याला ती शिदोरी नसते. त्याने पहिले दोन आठवडे अर्धा वर्ग करावा.

तालीम आणि तापलेली खोली : राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने (कारकीर्द १८९४–१९२२) कोल्हापुरात तालमी फुलल्या आणि खासबाग मैदान उभे राहिले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींत घामाचे शास्त्र पुस्तकाविना पाळले जाते. जोर-बैठका आणि लढती झाल्या की पैलवान लगेच अंघोळीला धावत नाही. हौद्यातली तांबडी माती अंगाला चोळून तो निवांत बसतो. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेले असतात. घाम मातीत जिरतो, श्वास खाली येतो आणि मगच पाणी अंगावर पडते. या बसण्यात मोठे शहाणपण आहे. जोराचा व्यायाम एकदम थांबवला की पायांत उतरलेले रक्त लवकर वर येत नाही आणि भोवळ येते. तापलेल्या खोलीतून उठून थेट बाहेर धावणाऱ्याने तालमीकडून हे घ्यावे. शवासनात पुरेसा वेळ काढावा, मग बसावे, मग उठावे. मात्र ‘घाम जिरल्याशिवाय पाण्याला शिवायचे नाही’ हा जुना दंडक हॉट योगाला लावू नये. तिथे घोटघोट पाणी वर्गातच प्यायला हवे.

तालमीतलीच एक वाईट सवय या विषयाशी जोडलेली आहे, ती म्हणजे वजनगटात बसण्यासाठी घाम गाळून वजन उतरवणे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणाऱ्या तीन मल्लांचा काही आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाला. तिघेही घाम काढून वजन घटवत होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. पाणी तोडून उष्णतेत बसणे म्हणजे सात्म्याची मुळेच उपटणे आहे, कारण सात्म्य उभे राहते ते वाढलेल्या रक्तद्रवावर, आणि तोच इथे आटवला जातो. स्पर्धेच्या तोंडावर हॉट योगाच्या खोलीचा असा वापर कुणी सुचवला, तर वस्तादांनी तो साफ नाकारावा.

काय होते आणि काय होत नाही : एका वर्गात साधारण दीड लिटर घाम जातो, म्हणून वर्गानंतर काटा दीड किलोने खाली येतो. हे वजन पाण्याचे असते आणि रात्रीपर्यंत परत येते. चरबी घामावाटे जात नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील मोजणीत ९० मिनिटांच्या वर्गात स्त्रियांची सरासरी ३३० आणि पुरुषांची ४६० किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली. भराभर चालण्याइतकाच हा खर्च आहे. ‘घामाने विष बाहेर पडते’ हे विधानही चुकीचे आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. उलट पाणी कमी पडले, तर मूत्रपिंडांच्याच कामात अडथळा येतो.

तापलेले स्नायू सैल होतात, हे खरे. त्याच विद्यापीठात आठ आठवडे, २४ वर्ग केलेल्या तरुणांची कंबर-मांड्यांची लवचिकता आणि ओढण्याची ताकद वाढली. दमसास मात्र वाढला नाही. सैलपणात धोकाही असतो. उष्णतेत ताणाची वेदना बोथट होते आणि सांध्याचे बंध नकळत ओढले जातात. रक्तवाहिन्यांच्या आरोग्याबद्दलचा एक प्रयोग तर फार बोलका आहे. टेक्सासमध्ये मध्यमवयीन, बैठ्या माणसांचे दोन गट करून १२ आठवडे तीच आसने एका गटाला ४०.५ अंशांत आणि दुसऱ्याला २३ अंशांत करवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली. म्हणजे लाभ आसनांचा होता, त्याला उष्णतेची गरज पडली नाही. रंकाळ्याकाठी पहाटे योग करणाऱ्याने आपण काही गमावतो आहोत, असे मानायचे कारण नाही.

पाणी आणि मीठ : वर्गाआधी आणि नंतर वजन करावे. जितके किलो घटले, तितके लिटर गेले, हा सर्वांत सोपा हिशेब. गेलेले पाणी पुढच्या काही तासांत थोडे-थोडे भरून काढावे. एकदम तांब्यावर तांबे साधे पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम घसरून डोकेदुखी, ओकारी, गोंधळ आणि क्वचित झटकेही येतात. हॉट योगानंतर असे घडल्याची वैद्यकीय नोंद आहे. मीठ घातलेले ताक यासाठी उत्तम. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएसही चालते. उसाच्या रसात साखर भरपूर पण सोडियम अगदी थोडे, म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाकावे. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे दूधही वाईट नाही. त्यात पाणी, सोडियम आणि प्रथिने तिन्ही असतात. सकाळची लघवी गडद पिवळी असेल, तर कालची तूट भरलेली नाही, असे समजावे.

खंड : सात्म्य टिकवावे लागते. गणपतीच्या सुटीत आठवडाभर वर्ग चुकला, तर त्यातला काही भाग ओसरतो. महिन्याभरात ते जवळजवळ नाहीसे होते. सर्वांत आधी मिळालेला हृदयाचा फायदा सर्वांत आधी जातो, घामातली सुधारणा जरा जास्त टिकते. पुन्हा सुरुवात केली की शरीर पहिल्या वेळेपेक्षा लवकर सरावते. पण परतलेल्या जुन्या साधकाला आपली जुनी ताकद आठवत असते आणि पहिल्याच दिवशी तो पूर्ण वर्गाला उभा राहतो. हाच दिवस त्याला सर्वांत जड जातो.

धोके : गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हॉट योग करू नये. आईच्या शरीराचे तापमान ३९ अंशांवर गेल्यास गर्भाच्या मज्जारज्जूची घडण बिघडण्याचा धोका वाढतो. ताप असताना, जुलाबानंतर किंवा रात्री मद्यपान झाले असेल तर खोलीत जाऊ नये. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या किंवा काही मानसोपचाराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. यांतील अनेक औषधे घाम, तहान किंवा हृदयाचा वेग यांना आवर घालतात. सात्म्य झालेल्यालाही उष्माघात होऊ शकतो. सवयीमुळे त्रास कमी जाणवतो, पण आतले तापमान चढायचे ते चढतेच.

थकवा, मळमळ, पोटरीत गोळे आले तर खोलीबाहेर यावे, पाय उंच करून पडावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंग घामाने ओले असले तरीही. तोंडात पाणी ओतू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता लगेच बादलीने गार पाणी अंगावर ओतत राहावे, ओली चादर गुंडाळून पंखा लावावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेतानाही वाटेत अंग गार करणे थांबवू नये.