प्रशिक्षण झालं, पण संशोधन वाढलं का?

मार्च 2020 च्या अखेरीस नौदलाचं डॉर्निअर विमान गोव्यातून पुण्याला गेलं. त्यात करोना तपासणीचे नमुने होते आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे (गोमेकॉ) डॉक्टरही. नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासायचे आणि तिथेच तपासणी शिकून घ्यायची, अशी एका खेपेत दोन कामं. लवकरच बांबोळीत, गोमेकॉतच, तपासणी सुरू झाली. क्षमता वाढल्याचं वेगळं सिद्ध करावं लागलं नाही.

संशोधनाची क्षमता अशी पटकन दिसत नाही. त्यासाठी जगभर कार्यशाळा, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा यांवर पैसा खर्च होतो; जागतिक आरोग्य संघटनेचा ‘टीडीआर’ हा उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधनाचा आणि प्रशिक्षणाचा कार्यक्रम तर सत्तरच्या दशकापासून हे करतो आहे. निष्पन्न काय झालं, असं विचारलं की अहवालात ठरावीक आकडे येतात: इतके प्रशिक्षणार्थी, इतके शोधनिबंध. मोजायला सोपं तेच मोजलेलं असतं.

मूल्यमापन करणारे साधारण तीन पातळ्या पाहतात: व्यक्ती, संस्था आणि एकूण व्यवस्था. व्यक्तीचं लवकर कळतं. खरी गोम संस्थेत असते. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची बैठक वेळेवर होते का? सांख्यिकीतज्ज्ञ कायम नोकरीत आहे की प्रकल्पापुरता? अनुदान संपल्यावर नमुने साठवायच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरचा देखभाल करार कोण भरतं? आणि शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांवरच्या नावांचं स्थान. वैद्यकीय नियतकालिकांत पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं, शेवटचं मार्गदर्शकाचं. स्थानिक नावं कायम मधेच अडकलेली असली, तर रुग्ण इथले आणि संशोधनाचा प्रश्न बाहेरच्यांनी ठरवलेला, एवढं समजून घ्यावं.

गोव्यात 1996 पासून काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेचा एक प्रयोग इथे आठवतो. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना त्यांनी नैराश्य आणि दारूच्या समस्येवरचे उपचार शिकवले. पण ते नीट करतात की नाही, हे कोण तपासणार? तज्ज्ञ मोजके. मग समुपदेशकांनीच एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण गटात बसून ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, अशी पद्धत बसवली. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहिले, तर पुरेसे जुळले. ही उपचारांची गुणवत्ता झाली, हे मान्य. पण पद्धतशीर मोजण्याची सवय लागणं हा संशोधनाचाच पाया, आणि इथे ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्यांच्या हाती आली.

श्रेयाचा प्रश्न तरीही उरतोच. कार्यशाळेला गेलेल्या डॉक्टरने पाच वर्षांनी उत्तम अभ्यास केला, तर तो अभ्यास कार्यशाळेमुळे झाला, की ती डॉक्टर मुळातच हुशार होती आणि म्हणूनच तिला तिथे धाडलं होतं? औषधाच्या चाचणीसारख्या चिठ्ठ्या टाकून संस्थांचे दोन गट पाडणं क्वचितच शक्य होतं. म्हणून ‘कार्यशाळेमुळेच झालं’ असं न म्हणता, कोणत्या पायरीवर तिचा हातभार लागला, हे मुलाखती आणि कागदपत्रांतून जुळवत जावं लागतं. काम किचकट असतं आणि वेळखाऊही.

नेमका वेळच नसतो. अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचं, आणि पीएचडीलाच तेवढी वर्षं जातात. अंतिम अहवाल लिहिला जातो तेव्हा पहिल्या तुकडीतली मुलं जेमतेम प्रबंध सादर करत असतात. ती गोव्यात राहणार की बंगळुरू गाठणार, हे त्यांनाही ठाऊक नसतं. मूल्यमापनाचा निधी मात्र तिथेच संपतो.