नव्याने बांधलेल्या रोटरी विमान इंजिनाचे पहिले तास : तेलाच्या निवडीमागचा इतिहास

पहिल्या महायुद्धाच्या काळातले एखादे रोटरी विमान इंजिन पूर्ण उघडून, सिलिंडर घासून, नव्या पिस्टन रिंगा (पिस्टनभोवती बसून वायू निसटू न देणाऱ्या कड्या) घालून पुन्हा बांधले की ते पहिल्यांदा चालवण्याआधी टाकीत कोणते तेल भरायचे, या प्रश्नावर आजही दोन मते आढळतात. एक मत असे की, जुन्या काळी जे वापरत होते तेच, म्हणजे एरंडेल, पहिल्या मिनिटापासून वापरावे. दुसरे मत असे की, एरंडेल फार निसरडे असल्याने त्यात नव्या रिंगा नीट बसत नाहीत. म्हणून सुरुवातीचे काही तास साधे खनिज तेल वापरावे आणि नंतर एरंडेलाकडे वळावे. दुसरे मत आजच्या विमान इंजिनांच्या अनुभवावर उभे आहे आणि त्या इंजिनांपुरते ते खरेही आहे. ते रोटरी इंजिनाला कितपत लागू पडते, हे समजण्यासाठी एरंडेल या इंजिनात मुळात का आले इथपासून सुरुवात करावी लागते.

येथे रोटरी म्हणजे त्रिकोणी रोटरचे वँकेल इंजिन नव्हे, आणि स्थिर सिलिंडरांचे रेडियल इंजिनही नव्हे. या रोटरीत क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दंड) विमानाच्या सांगाड्याला घट्ट जखडलेला असतो, आणि क्रँककेस (त्या दंडाभोवतीची पेटी), सगळे सिलिंडर व त्यांना जोडलेला पंखा असे सारे धूड त्याच्याभोवती फिरते. फ्रान्समधील लुई आणि लोराँ सेगँ या बंधूंच्या नोम कंपनीने १९०८ साली सात सिलिंडरांचे, ५० अश्वशक्तीचे ओमेगा इंजिन पुढे आणले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०९ मध्ये, रँस येथील विमान मेळाव्यात आंरी फार्मान यांनी याच इंजिनाच्या बळावर तीन तासांहून अधिक काळ हवेत राहून १८० किलोमीटरचे अंतर कापले. त्या काळची बरीच इतर इंजिने जड होती किंवा काही मिनिटांत तापून बंद पडत होती. फिरणारे सिलिंडर स्वतःच वारा कापत आणि गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाचे, म्हणजे फ्लायव्हीलचे, कामही करत असल्यामुळे पाणी, रेडिएटर आणि फ्लायव्हील या तिन्हींचे वजन वाचले, आणि पुढची आठ-नऊ वर्षे लहान विमानांवर या रचनेने राज्य केले.

मात्र या रचनेने तेलापुढे एक अवघड अट ठेवली. सिलिंडर फिरते असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण बाहेरून स्थिर नळीने पोहोचवणे शक्य नव्हते; ते पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये सोडले जाई आणि तिथून सिलिंडरांकडे जाई. सुरुवातीच्या नोममध्ये पिस्टनच्या माथ्यावरच व्हॉल्व्ह होता, तर ल रोन या दुसऱ्या फ्रेंच रोटरीमध्ये क्रँककेसपासून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यापर्यंत तांब्याची नळी होती. वाट कोणतीही असो, ज्या पोकळीत बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉड फिरत होते त्याच पोकळीतून पेट्रोलची वाफ सतत वाहत होती. खनिज तेल आणि पेट्रोल ही एकाच कुळातली असल्यामुळे सहज एकजीव होतात. अशा ठिकाणी खनिज तेल पातळ होऊन धुतले जाण्याचा धोका उघड होता. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. त्याच्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो, आणि त्या आम्लाच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गटामुळे हे तेल धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. तापल्यावरही त्याचा थर टिकतो. थोडक्यात, एरंडेल निवडले गेले ते घर्षण कमी करण्यातल्या त्याच्या गुणाइतकेच पेट्रोलच्या माऱ्यात जागा न सोडण्याच्या त्याच्या स्वभावामुळे.

दुसरी अट तेलाच्या प्रवासाची होती. रोटरी इंजिनाला तेल साठवणारा तळ नसतो आणि असूही शकत नाही. मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या सिलिंडरच्या वरच्या भागात केंद्रोत्सारी बल गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पटींहून अधिक भरते. त्यामुळे आत आलेला प्रत्येक थेंब बाहेरच्या दिशेने, सिलिंडरच्या भिंतीवरून डोक्याकडे फेकला जातो आणि शेवटी जळक्या वायूंबरोबर बाहेर पडतो. छोटा दट्ट्याचा पंप टाकीतून ताजे तेल घेऊन क्रँकशाफ्टमधून आत ढकलत राहतो, आणि तेल एकदाच वापरले जाते. वैमानिकापुढे या पंपाचा एकच साक्षीदार असे : काचेची एक लहान घुमटी, जिच्यात पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तेलाची पातळी उसळी मारून खाली येई. उसळी थांबली की इंजिनाचे आयुष्य मिनिटांवर आले असे समजायचे. घड्याळ लावून उसळ्या मोजल्या तर इंजिनाच्या फेऱ्यांचाही अंदाज येई. बाहेर पडणारे तेल अर्थातच पंख, काच आणि वैमानिकाचा चेहरा यांच्यावर येई. एरंडेलाचा पोटावर होणारा परिणाम सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावरचे विनोद शंभर वर्षे टिकले आहेत.

आता रिंगा बसण्याच्या प्रश्नाकडे वळू. नवी रिंग आणि नव्याने घासलेला सिलिंडर हे डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी दोन्हींवर सूक्ष्म शिखरे असतात. पहिल्या काही तासांत ही शिखरे एकमेकांवर घासून झिजली पाहिजेत, म्हणजे रिंग पूर्ण परिघावर टेकते आणि वायू खाली निसटत नाही. तेलाचा थर फार समर्थ असेल तर शिखरे एकमेकांना भिडतच नाहीत. उलट तेल अपुरे असेल तर ती झिजण्याऐवजी वितळून चिकटतात आणि पिस्टन जाम होतो. आजच्या विमान इंजिनांत या दोन टोकांमधला मार्ग म्हणून साधे खनिज तेल वापरले जाते. लायकॉमिंग कंपनीच्या सूचनेनुसार तिच्या बहुतेक इंजिनांत पहिले ५० तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, साधे खनिज तेल ठेवावे आणि नंतर राखविरहित डिस्पर्संट (जळल्यावर राख न ठेवणाऱ्या, कण तरंगत ठेवणाऱ्या) तेलावर जावे. काही टर्बोचार्ज इंजिनांना मात्र पहिल्यापासूनच डिस्पर्संट तेल सांगितलेले आहे. साधे खनिज आणि डिस्पर्संट या दोन जातींसाठी आज अनुक्रमे एसएई या अभियंता संघटनेची जे १९६६ आणि जे १८९९ ही मानके आहेत.

हा सल्ला रोटरीला जसाच्या तसा लावताना दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली अशी की, डिस्पर्संटचे काम झिजेचे कण आणि काजळी तेलात तरंगत ठेवणे हे आहे, म्हणजे तेल बदलताना ती बाहेर जावी. ज्या इंजिनात तेल परत येतच नाही, त्यात हा गुण असला काय आणि नसला काय, सारखेच. रिंगा बसताना निघणारा धातूचा कीस तेलाबरोबर बाहेर जातो. तिथे ना गाळणी, ना साठा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. साध्या इंजिनात तेलाचा खप कमी होऊन स्थिरावला की रिंगा बसल्या असे ठरवतात. रोटरीत खप पंप ठरवतो. रिंगा बसोत वा न बसोत, तो साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे या इंजिनाची परीक्षा जुन्याच पद्धतीने होते : इंजिन हाताने फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब वेगळा जोखायचा, स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहायचा, आणि इतरांपेक्षा जास्त तापलेला सिलिंडर शोधायचा. मोटारीचे डिटर्जंट तेल तर दोन्ही पक्ष बाद धरतात, कारण त्यातील धातुयुक्त पदार्थ जळून राख मागे ठेवतात, आणि सारे तेल ज्वलनकक्षातूनच जाणाऱ्या इंजिनात ती राख पिस्टनच्या माथ्यावर साचून अवेळी ज्वलन घडवू शकते.

एरंडेलाशिवाय रोटरी चालवण्याचा मोठा प्रयोग इतिहासात एकदा सक्तीने झाला आहे. दोस्त राष्ट्रांच्या नाविक नाकेबंदीमुळे जर्मनीत एरंडेलाची टंचाई झाली आणि त्याच्या जागी व्होल्टोल नावाचे खनिज तेलाधारित पर्यायी तेल आले. सीमेन्सचे ११ सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तीचे एसएच ३ इंजिन १९१८ साली आघाडीवर पोहोचले. इतर रोटरींसारखा त्यात क्रँकशाफ्ट जखडलेला नसे; सिलिंडर एका दिशेने आणि क्रँकशाफ्ट उलट दिशेने, प्रत्येकी मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्यांनी फिरत. हे इंजिन बसवलेल्या विमानाची चढण्याची क्षमता वैमानिकांना फार आवडली, पण अवघ्या सात ते दहा तासांत इंजिने निकामी होऊ लागली आणि त्याचा दोष प्रामुख्याने व्होल्टोलला देण्यात आला. सात ते दहा तास हा नेमका तो काळ आहे ज्यात नवे इंजिन नीट बसायला हवे. एका तेलाच्या अपयशावरून सगळी खनिज तेले नाकारणे योग्य नाही, आणि त्या इंजिनांच्या थंडाव्याच्याही अडचणी होत्या. तरीही पहिल्या तासांसाठी खनिज तेल सुचवणाऱ्यांनी ही नोंद डावलू नये, असे वाटते.

दोस्तांकडेही एरंडेल मुबलक नव्हते. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिने एक लाख एकरांना पुरेल इतके एरंडाचे बी आशियातून मिळवले आणि स्वतःच्या भूमीवर लागवड करवली. त्याच वेळी स्थिर सिलिंडरांच्या लिबर्टी इंजिनासाठी खनिज तेल विकसित केले. तेलांच्या दोन वाटा इथून वेगळ्या झाल्या. युद्धानंतर रोटरी मागे पडली, रेडियल आणि सरळ रांगेची इंजिने पुढे गेली, आणि विमानांच्या तेलाविषयीचे पुढचे जवळजवळ सारे ज्ञान खनिज तेलाभोवती वाढले. एरंडेल उरले ते शर्यतीच्या गाड्यांत. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली घेतलेल्या कॅस्ट्रॉल या नावातच एरंडाचे इंग्रजी नाव दडलेले आहे. छोट्या मॉडेल विमानांच्या मिथेनॉल इंजिनांतही ते टिकले, आणि नव्या इंजिनाला सुरुवातीला एरंडेल जास्त द्यावे अशी तिथली जुनी रीत आहे. त्या रीतीचा दाखला रोटरीसाठी देताना मात्र सावध राहावे. मॉडेल इंजिनात एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळते म्हणून निवडले जाते, आणि रोटरीत ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून.

सगळ्या रोटरींना एकच उत्तर देणेही कठीण आहे. नोमचे सिलिंडर निकेल पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कातलेले, भिंत केवळ १.५ मिलिमीटर जाड. फिरताना त्यांची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त थंड होऊन ते किंचित वाकडे होत, म्हणून पिस्टनवर ऑब्ट्युरेटर नावाची पातळ, इंग्रजी एल अक्षराच्या छेदाची लवचीक रिंग बसवत. ही रिंग भिंतीच्या वाकडेपणाशी जुळवून घेते, पण तेलाविना काही क्षणही सहन करत नाही. क्लर्जे या आणखी एका फ्रेंच रोटरीमध्येही हीच रिंग होती आणि तीच त्याचे दुखणे ठरली. त्यावर उपाय म्हणून इंग्रज अभियंते डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी आपल्या रोटरी इंजिनात ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि त्यात ओतीव लोखंडाचे अस्तर वापरले. ल रोनमध्येही पोलादी सिलिंडरला ओतीव लोखंडाचे अस्तर होते. ओतीव लोखंडाच्या अस्तरावर लोखंडी रिंगा बसण्याची क्रिया आजच्या इंजिनांच्या बरीच जवळ जाते, त्यामुळे खनिज तेलाचा युक्तिवाद कुठे टिकत असेल तर तो इथे. एक-व्हॉल्व्ही नोममध्ये तो सर्वांत दुबळा आहे, कारण त्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये पेट्रोलचे अतिशय दाट मिश्रण असते आणि उरलेली हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून घेतली जाते. त्यातच विमान उतरवताना बटण दाबून इग्निशन (स्पार्क प्लगची ठिणगी) तोडून वेग कमी करण्याची पद्धत धरली तर न जळलेले पेट्रोल थेट सिलिंडरच्या भिंतीवर येते. नव्या रिंगांच्या काळात हे बटण जितके कमी दाबले जाईल तितके बरे.

एरंडेल फार निसरडे असल्याने रिंगा बसत नाहीत, हा आक्षेप मला मूळ इंजिनांच्या इतिहासाशी जुळणारा वाटत नाही. ही इंजिने उघडून साफ करण्यामधले अंतर शेकडो नव्हे, काही दहा तासांचे असे; म्हणजे प्रत्येक इंजिनात रिंगा पुन्हा पुन्हा बसवाव्या लागत, आणि त्या एरंडेलातच बसत. एरंडेलाचा खरा दोष वेगळा आहे. हवेशी आणि उष्णतेशी संबंध आल्यावर ते घट्ट होऊन राळेसारखे चिकटते, आणि चालवून आठवडेच्या आठवडे उभ्या ठेवलेल्या इंजिनात रिंगा आपल्या खाचेतच अडकतात. युद्धकाळात इंजिन रोज चालत असल्यामुळे हा दोष आजच्याइतका डाचत नसे. आज वर्षातून मोजकीच उड्डाणे करणाऱ्या संग्रहालयांच्या विमानांत तो पुढे येतो. म्हणून तेल ताजे आणि कमी आम्लांशाचे असावे लागते, आणि इंजिन बंद झाल्यावर खालच्या सिलिंडरांत उतरलेले तेल प्लग काढून निथळू द्यावे लागते.

खनिज तेलावर सुरुवात करून नंतर एरंडेल घालण्याचा बेत असेल तर मधल्या टप्प्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. ही दोन तेले थंड अवस्थेत एकमेकांत नीट मिसळत नाहीत, आणि मिसळलेला गाळ अरुंद नळ्यांत बसतो. टाकी, पंप, घुमटीची काच आणि क्रँकशाफ्टमधला मार्ग सुटा करून धुतला जाईपर्यंत दुसरे तेल भरले जात नाही, आणि भरल्यावरही घुमटीत उसळी दिसेपर्यंत पंप हातानेच फिरवला जातो.