डेंग्यूचा डास गटारात नसतो, बॅरलमध्ये असतो

पावसाळा लागला की कोल्हापुरात एक वाक्य ठरलेलं: "नाल्यामुळं डेंग्यू पसरला." जयंती नाल्यात डास होतात, खोटं नाही. पण ते बहुतेक क्युलेक्स. रात्री चावणारे, हत्तीरोग पसरवणारे. डेंग्यूचा एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला, जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेलेला. त्याला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पेठेतल्या मोरीतला बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर.

मादी अंडी थेट पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणूनच बॅरल नुसता उपडा करून पुन्हा भरला तर काही उपयोग नाही. आठवड्यातून एकदा रिकामा करा, आतली कड काथ्यानं खरवडून घासा, धुतलेलं पाणी मातीत ओता, मग भरून वर कापड घट्ट बांधा. आठवडाच का? उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. रिकामा न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.

धुराची गाडी आली की लोक निर्धास्त होतात. तो धूर उडत्या डासांना मारतो, अंड्या-अळ्यांना नाही. शिवाय एडिस चावतो दिवसा, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.